रनिंग कंडिशन रीफ टँक, फक्त घेऊन जा

हौस नडली, दुसरं काय. आठ वर्षं गोड्या पाण्याच्या टाक्या सांभाळतोय, गप्पीपासून डिस्कसपर्यंत सगळं करून झालं, आणि मग खाऱ्या पाण्याचे व्हिडिओ बघायची सवय लागली की माणूस कामातून जातो तसा मीपण गेलो. नवीन सेटअपचा हिशोब काढला तर टाकी, संप (खालची फिल्टरची टाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), लाइट, चिलर (पाणी गार करणारं यंत्र) धरून लाखाच्या वर जात होता, म्हणून सेकंडहँड शोधत होतो. एका जाहिरातीत तीन फूट बाय दीड बाय दीडचा चालू रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी, ४५ हजारात दिसला, पनवेलचा. "शिफ्टिंग आहे, टाकी पूर्ण सायकल झालेली, रनिंग कंडिशन, फक्त घेऊन जा." सायकल झालेली म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत तयार झालेले.

मी डोंबिवलीचा. शिळफाटा-तळोजा करत बाइकवर पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते, कारण आठच्या आधी येऊ नका असं विकणाऱ्यानेच सांगितलेलं. हॉलमध्ये अंधार, एसी १८ वर, आणि समोर नुसत्या निळ्या लाइटमध्ये टाकी. हिरवी बोटं डोलतायत, नारिंगी गुच्छ चमकतायत, निमोची जोडी आणि दोन पिवळ्या शेपटीचे डॅमसेल फिरतायत. मी दोन मिनिटं काही बोललोच नाही.

मग तो स्वतःहून म्हणाला, "दादा एक आधीच सांगतो, कोरल मी विकणार नाय. कायद्याचं लफडं आहे, नंतर तुम्हाला त्रास. ते मित्राला ठेवायला देतोय, तुम्ही टाकी, रॉक आणि मासे घ्या." इथेच मी पडलो बघा. कारण ते खरंच आहे, दगडासारखा सांगाडा बांधणारे प्रवाळ २००१ पासून आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. बाजारात लोक गुपचूप विकतात आणि हा माणूस गिऱ्हाइकाला नको म्हणतोय, एवढा सरळ माणूस आणखी काय फसवणार असं वाटलं. जरा व्हाइट लाइट लावता का विचारलं तर म्हणाला, "आत्ता नको दादा, कोरल झोपतात ह्या टायमाला, उगाच स्ट्रेस." मीही मोठ्या जाणकारासारखी मान हलवली. पाच हजार टोकन तिथेच यूपीआयने दिले.

रविवारी टेम्पो घेऊन गेलो तर टाकी आधीच रिकामी करून पुसून ठेवलेली. "तुमची मेहनत वाचवली." रॉक टबात, पाणी वीस-वीस लिटरच्या सहा कॅनमध्ये, मासे पिशव्यांत. कोरल गेलेले. टेम्पोवाला खालून हॉर्न मारतोय, उरलेले चाळीस हजार दिले आणि निघालो.

घरी दोन दिवस झटलो. त्याचे पाच कॅन ओतले, एक बाल्कनीत राहिला, बाकीचं साधारण शंभर लिटर पाणी मी घरच्या आरओचं भरलं, लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशोबाने मीठ घालून रात्रभर पंपाने फिरवलं. सॅलिनिटी १.०२५, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, मासे पहिल्या दिवसापासून खातायत. चिलर मात्र नुसता पंखा फिरवत होता आणि पाणी ३१ वर. मेकॅनिक म्हणाला गॅसच नाही यात, कधीचा नसेल. तेव्हा तो १८ चा एसी आठवला. साडेतीन हजार गेले, पण म्हणलं जुन्या मालात एवढं चालायचंच.

मग कुर्ल्याहून दोन क्लीनर श्रिम्प आणि सहा टर्बो स्नेल आणले. तासभर पिशवीत थोडं थोडं पाणी मिसळत सोडले. रात्री अकराला एक श्रिम्प दगडावर आडवा पडून पाय झाडत होता, सकाळी दोन्ही मेलेले, आणि गोगलगायी काच सोडून वाळूत उलट्या. मासे मस्त, खायला मागतायत. आईने श्रिम्पची किंमत विचारली, मी एकेक बाराशे म्हणलं, ती म्हणाली एवढ्यात चार किलो कोळंबी आली असती आणि ती मेलेलीच आणतात. पंधरा दिवसांनी परत प्रयत्न केला, यावेळी फक्त हर्मिट क्रॅब, शंखात राहणारे खेकडे. दुसऱ्या दिवशी शंखातून अर्धे बाहेर लोंबकळत होते.

कुर्ल्याच्या दुकानदाराला सगळे आकडे सांगितले तर त्याने एकच विचारलं, "फिश जिंदा, झिंगा मरा? टंकी में कॉपर मारा है किसीने."

माशांवर पांढरे ठिपके आले की तांब्याचं औषध देतात, पण ते वेगळ्या हॉस्पिटल टाकीत. मेन टाकीत ओतलं तर ठिपके जातात, मासे टुणटुणीत होतात, आणि कोरल, झिंगे, खेकडे, गोगलगायी सगळे मरतात, कारण जे माशाला सोसतं त्याच्या कितीतरी कमी तांबं त्यांना पुरतं. वर रॉक आणि वाळू तांबं पिऊन बसतात आणि हळूहळू सोडत राहतात. कॉपरचं टेस्ट किट आणलं. टाकीत ०.३. घरच्या आरओच्या पाण्यात शून्य. आणि बाल्कनीतला तो उरलेला कॅन, ज्याला माझा हातसुद्धा लागला नव्हता, त्यात ०.५. तो कॅन आळसामुळे ओतायचा राहिला होता, आयुष्यात आळस एवढा कधी कामाला आला नाही.

पण मग त्याच पाण्यात कोरल कसे जगले होते? ह्यावर मी तीन दिवस डोकं खाजवलं. उत्तर संप साफ करताना मिळालं. स्किमरच्या मागे एक हिरवं बोट अडकलेलं, अडीच-तीन इंचाचं. उचललं तर मऊ, ओढलं तर ताणलं जातंय, बुडाशी कात्रीने कापल्यासारखी सरळ कड. सिलिकॉन! शोपीस म्हणून मिळणारं रबराचं कोरल, निळ्या लाइटमध्ये खऱ्यासारखं चमकतं आणि पंपाच्या धारेत डोलतं. म्हणजे कायद्याचं लफडं वगैरे काही नव्हतं, रबर माझ्या हातात पडू नये म्हणून "कोरल विकणार नाय".

नंतर सगळं दिसायला लागलं. वर्षभर चाललेल्या रीफ टाकीत मागच्या काचेवर, पंपांवर, ओव्हरफ्लोवर कोरलाइन शेवाळाचे जांभळे खरबरीत डाग बसतातच, ब्लेडने खरवडावे लागतात. इथे फक्त रॉक जांभळा होता, बाकी कुठे ठिपका नाही, कारण तो फॅक्टरीत रंगवलेला कृत्रिम रॉक. कोपऱ्यात काचा जोडणाऱ्या सिलिकॉनला निळसर झाक होती, तीही तांब्याचीच, पण ती मी निळ्या लाइटमुळे असेल म्हणून सोडून दिलेली, दिवसा टाकी भरतानापण लक्षात आली नाही.

विकणाऱ्याला फोन केला तर आधी म्हणाला तुमचा आरओ तो कॉपरवाला असेल, हल्ली जाहिरातीत असतात ना. माझा साधा आहे आणि रीडिंगचे फोटो पाठवले, तर म्हणाला तुम्ही तांब्याच्या कळशीने पाणी भरलं असणार. रबराचा फोटो पाठवल्यावर ब्लॉक. पोलीस स्टेशनला गेलो, हवालदारसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मासे जिवंत आहेत ना?" हो म्हणलं. "मग?" शेवटी एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, लिहून घेतली. जाहिरातीत "रीफ" आणि "सायकल झालेली" एवढंच होतं, कॉपर कधी वापरलं नाही असं त्याने चॅटवर कुठेच लिहिलेलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. तुम्ही घ्यायला गेलात तर विचारा, लेखी विचारा, दिवसा जा, व्हाइट लाइट लावायला लावा, खिशात कॉपरचं किट ठेवा, आणि टाकीत एक तरी जिवंत गोगलगाय काचेवर चालताना बघा. गोगलगाय नसेल तर का नाही ते विचारा. एसीसुद्धा तासभर बंद करायला सांगा, त्यांना राग आला तर येऊ दे.

टाकी आता नुसत्या माशांची आहे. रॉक आणि वाळू काढून टाकली, विकली नाही, फुकटपण दिली नाही कुणाला. तांबं ओढून घेणारा एक पॅड मिळतो, तो फिल्टरमध्ये लावला, तीन दिवसांत शाई सांडल्यासारखा निळा पडला, आता चौथा पॅड चालू आहे. पाणी बदलतोय. निमोच्या जोडीला काही फरक नाही, ती ह्या सगळ्यातून मजेत गेली.

परवा नवीन जाहिरात दिसली. यावेळी अडीच फुटी, बदलापूर, नाव दुसरं, "जॉब ट्रान्सफर, रनिंग कंडिशन, फक्त घेऊन जा". निळ्या लाइटमधला फोटो. झूम करून बघितला, डावीकडे हिरवं कोरल आहे आणि त्याचं पुढचं एक बोट बुडापासून सरळ कापलेलं आहे. ते बोट माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे.