लेक ट्रॅव्हिसच्या काठावरचे घर आणि एमयूडीच्या सेवा: काही महिन्यांच्या वापरानंतर

ऑस्टिन शहराच्या पश्चिमेला, लेक ट्रॅव्हिसच्या काठावरील एका वसाहतीत आम्ही राहायला आलो, त्याला आता बरेच महिने झाले. घर शहराच्या हद्दीबाहेर असल्यामुळे पाणीपुरवठा, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याचा निचरा ही कामे महापालिकेकडे नसून म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या एमयूडीकडे आहेत. कडक उन्हाळा, पाण्यावरचे निर्बंध, वादळात गेलेली वीज आणि गोठवणारी थंडी एवढे सगळे पाहून झाल्यावर हा अनुभव लिहीत आहे. या भागात घर शोधणारी मराठी कुटुंबे मला वरचेवर भेटतात. शाळा, कर्जाचा व्याजदर आणि गच्चीतून तळे दिसते की नाही, याची चौकशी सगळेच करतात. पाणी कोण देणार आणि वीज गेल्यावर सांडपाण्याचे काय होणार, हे क्वचितच कोणी विचारते. माझे मत आधीच सांगतो. रोजच्या सेवेत आमचा डिस्ट्रिक्ट चांगला आहे, अडचणीच्या वेळी लोकांना कळवण्यात तो कमी पडतो, आणि सुरक्षिततेचा बराचसा भार घरमालकावरच असतो, याची कल्पना नवीन येणाऱ्याला कोणी देत नाही.

एमयूडी ही टेक्ससच्या कायद्याने निर्माण झालेली छोटी स्थानिक संस्था असते. तिचा कारभार मतदारांनी निवडून दिलेले पाच संचालक पाहतात आणि तिच्यावर टेक्सस कमिशन ऑन एन्व्हायर्नमेंटल क्वालिटी, म्हणजे टीसीईक्यू, या राज्यसंस्थेची देखरेख असते. नवी वसाहत उभी राहताना जलवाहिन्या, शुद्धीकरण प्रकल्प आणि गटारे बांधण्यासाठी डिस्ट्रिक्ट कर्जरोखे काढतो आणि ते कर्ज रहिवाशांच्या मालमत्ता करातून फिटत जाते. हा कर काउंटी आणि शाळा यांच्या करांहून वेगळा असतो. उदाहरणार्थ, दर 100 डॉलर मूल्यांकनामागे 40 सेंट असेल, तर पाच लाख डॉलरच्या घरावर वर्षाला 2,000 डॉलर केवळ एमयूडीचे होतात, आणि पाण्याचे मासिक बिल त्याशिवाय. जुन्या डिस्ट्रिक्टचे कर्ज फिटत आलेले असल्यास दर कमी असू शकतो. नव्या वसाहतीत तो डोळे विस्फारावे इतका असू शकतो. विक्रेत्याने खरेदीदाराला कराचा दर आणि कर्जरोख्यांची रक्कम सांगणारी लेखी नोटीस द्यावी, असा कायदा आहे. सह्यांच्या गठ्ठ्यात ती एक-दोन पानांची नोटीस हरवून जाते. ती बाजूला काढून शांतपणे वाचावी.

पाण्याच्या गुणवत्तेबद्दल मी समाधानी आहे. आमचे पाणी थेट तळ्यातून उचलून शुद्ध केले जाते. मॅन्सफील्ड धरणामुळे कोलोरॅडो नदीवर तयार झालेल्या या तळ्याची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून 681 फूट मानली जाते, परंतु ती तिथे क्वचितच स्थिर असते. 1951 साली ती 614 फुटांपर्यंत उतरली होती आणि 1991 च्या नाताळात 710 फुटांवर चढली होती. एवढ्या चढउतारामुळे अनेक ठिकाणी पाणी उचलणारे पंप तराफ्यावर बसवलेले असतात आणि तळे आटू लागले की ते आत सरकवावे लागतात. त्यात 2017 मध्ये या तळ्यात झेब्रा शिंपल्यांचा शिरकाव झाल्यापासून नळ आणि जाळ्या तुंबू नयेत म्हणून वेगळी खबरदारी घ्यावी लागते. हा सारा खटाटोप नळ उघडणाऱ्याला दिसत नाही, पण बिलात दिसतो, आणि तो योग्य कामाचा खर्च आहे असे माझे मत आहे. दरवर्षी 1 जुलैपर्यंत पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल ग्राहकांना देणे बंधनकारक असते. आमच्याकडे तो वेळेवर आला आणि त्यातील तक्ते समजतील अशा भाषेत होते. मध्यंतरी काही दिवस पाण्याला क्लोरीनचा उग्र वास येत होता. एरवी क्लोरॅमाइनने (क्लोरीन आणि अमोनियाच्या संयुगाने) निर्जंतुकीकरण करणारे प्रकल्प अधूनमधून थोड्या काळासाठी केवळ क्लोरीन वापरून जलवाहिन्या स्वच्छ करतात, त्याचा तो वास. याची सूचना बिलासोबत आधीच आली होती. घरात मासे पाळणाऱ्यांनी आणि डायलिसिसवर असलेल्या रुग्णांच्या घरच्यांनी अशा सूचनेकडे विशेष लक्ष द्यावे.

मीटर नवीन पद्धतीचे आहे आणि तासागणिक वापर फोनवर दिसतो. एका सकाळी पहाटे दोन ते चार या वेळेत, म्हणजे सगळे झोपेत असताना, सलग पाणी वाहिल्याची सूचना आली. बागेतील तुषार सिंचनाचा एक व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नव्हता. ही सोय नसती तर ते महिनाअखेरच्या बिलातूनच कळले असते. सांडपाण्याचे शुल्क मात्र वेगळ्या रीतीने ठरते: डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत बागेला पाणी लागत नाही असे धरून त्या काळातील सरासरी वापरावर पुढील वर्षभराचा आकार बसवला जातो. आई-बाबांना भारतातून हिवाळ्यात बोलावले, तर त्या काळात वाढलेल्या वापराचा परिणाम वर्षभर बिलावर दिसतो. त्यासाठी कोणी त्यांचा प्रवास पुढे ढकलावा असे नाही, पण बिल का वाढले हे ठाऊक असावे.

आता सांडपाणी. याविषयी सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तळ्याकाठच्या घरांची खरी परीक्षा इथे होते. काठावरचा भाग उताराचा आणि खडकाळ आहे. घर रस्त्यापेक्षा खाली असले की सांडपाणी आपोआप मुख्य वाहिनीकडे जाऊ शकत नाही. म्हणून अंगणात जमिनीखाली एक टाकी आणि त्यात ग्राइंडर पंप असतो. तो सर्व काही दळून, दाब देऊन, बारीक नळीतून वर ढकलतो. शुद्ध केलेले सांडपाणीही तळ्यात सोडण्यास हायलँड लेक्समध्ये, म्हणजे लेक ट्रॅव्हिस ज्यात येते त्या कोलोरॅडो नदीवरील तळ्यांच्या साखळीत, बंदी आहे. ते पाणी गोल्फच्या मैदानांवर आणि मोकळ्या कुरणांवर फवारले जाते आणि त्याच्या नळ्या जांभळ्या रंगाच्या असतात. ही बंदी मला मनापासून पटते, कारण ज्या तळ्याचे पाणी आपण पितो त्याच तळ्यात आपले सांडपाणी जाऊ नये, एवढी साधी काळजी त्यामागे आहे.

अडचण येते ती वीज गेल्यावर. वादळात आमची वीज रात्रभर नव्हती. नळाला पाणी येत होते, त्यामुळे घरातील सर्वांचे व्यवहार नेहमीप्रमाणे सुरू झाले असते. परंतु ग्राइंडर पंप विजेवर चालतो आणि टाकी साधारण 60-70 गॅलनची, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला जेमतेम काही तास पुरेल एवढीच असते. ती भरली की पाणी घरातल्याच सर्वांत खालच्या संडासातून किंवा मोरीतून वर येऊ शकते. आम्ही आंघोळी पुढे ढकलल्या, भांडी तशीच ठेवली, फ्लश मोजून केला. वीज परत आली तेव्हा भिंतीवरच्या पेटीतला लाल दिवा पेटला आणि टाकी रिकामी होईपर्यंत भोंगा वाजत राहिला. पेटीवरचे बटण दाबून तो शांत करता येतो, हे शेजारच्या काकांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी डिस्ट्रिक्टचा माणूस येऊन पंप तपासून गेला, त्याचे पैसे घेतले नाहीत आणि अतिशय सौजन्याने बोलला. आमच्याकडे पंपाची देखभाल डिस्ट्रिक्ट करतो, वीजजोडणी आणि घरापासून टाकीपर्यंतची नळी मात्र घरमालकाची. दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये संपूर्ण पंपच मालकाचा असतो आणि तो बदलण्याचा खर्च हजारो डॉलरमध्ये जातो. घर घेण्यापूर्वी हे लेखी विचारून घ्यावे. आपल्या स्वयंपाकघरासाठी आणखी एक: भजी-पुऱ्या तळलेले तेल आणि तुपाची बेरी सिंकमध्ये ओतू नये. थंडीत ते नळीत गोठते आणि पंपाच्या पात्यांना चिकटते. ‘फ्लश करण्यायोग्य’ असे छापलेले ओले कागदही (वेट वाइप्स) संडासात टाकू नयेत, हे त्या माणसाने स्वतः बजावून सांगितले.

माझी मुख्य तक्रार पाणी उकळून पिण्याच्या सूचनेबद्दल आहे. टेक्ससच्या नियमानुसार जलवाहिनीतील दाब एरवी किमान 35 पौंड प्रति चौरस इंच असावा लागतो आणि तो 20 च्या खाली गेला की ही सूचना द्यावी लागते, कारण दाब घटल्यावर बाहेरचे दूषित पाणी वाहिनीत शिरण्याची शक्यता असते. मुख्य वाहिनी फुटल्यामुळे आमच्या भागात अशी सूचना निघाली. डिस्ट्रिक्टने ती वेळेत संकेतस्थळावर लावली, हे मान्य. पण ज्यांनी संदेशसेवेसाठी वेगळी नोंदणी केली नव्हती त्यांना ती कळण्याचा दुसरा मार्गच नव्हता. पलीकडच्या गल्लीतील एका कुटुंबात तान्हे बाळ आहे. त्यांना ती बातमी दुपारनंतर शेजाऱ्यांकडून कळली. घर नावावर झाल्याबरोबर बिलाचे खाते उघडणाऱ्या कार्यालयाने त्याच अर्जात आपत्कालीन संदेशाची नोंदणी का करू नये, हे मला समजलेले नाही. मी मंडळाच्या बैठकीत हीच मागणी केली. नवीन येणाऱ्यांनी तोपर्यंत डिस्ट्रिक्टच्या संदेशसेवेत आणि ‘वॉर्न सेंट्रल टेक्सस’ या प्रादेशिक सूचनासेवेत, दोन्हीकडे, पहिल्याच आठवड्यात नाव घालावे. सूचना लागू असेपर्यंत पाणी खळखळून उकळू लागल्यावर पुढे दोन मिनिटे उकळत ठेवावे लागते, आणि फ्रिजमधला बर्फ करणारा भागही रिकामा करावा लागतो, जे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

2021 च्या फेब्रुवारीतील हिमवादळात राज्यभर वीज आणि पाणी दोन्ही कोलमडले. त्यानंतर झालेल्या कायद्याने पाणीपुरवठा संस्थांना, वीज 24 तासांहून अधिक काळ गेली तरी 20 पौंडांचा दाब टिकवण्याची योजना टीसीईक्यूला सादर करणे बंधनकारक केले. आमच्या डिस्ट्रिक्टच्या पंपगृहात जनरेटर बसवलेला आहे; मी विचारल्यावर व्यवस्थापकांनी तो प्रत्यक्ष दाखवला आणि चाचणीची नोंदवहीही दाखवली. छोट्या संस्थेचा हा मोठा लाभ आहे. शहराच्या प्रचंड खात्यात अशा प्रश्नाला उत्तर देणारा माणूस सापडायला आठवडा गेला असता.

आगीबाबत मात्र मी निश्चिंत नाही. सप्टेंबर 2011 मध्ये जवळच्याच स्टाइनर रँच वसाहतीत वणव्याने वीसहून अधिक घरे जळाली आणि बाहेर पडणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरून गेला होता. आमच्याकडेही टेकड्यांवर सीडरची दाट झाडी आहे आणि मुख्य रस्त्याला मिळणारी वाट एकच. अग्निशमन एमयूडीकडे नसून वेगळ्या इमर्जन्सी सर्व्हिसेस डिस्ट्रिक्टकडे असते. त्याचा मालमत्ता कर 100 डॉलरमागे कमाल 10 सेंट असा कायद्याने बांधलेला आहे. लेक ट्रॅव्हिस फायर रेस्क्यू ही अशीच संस्था. बंब तिचा, पण त्याला लागणारे पाणी एमयूडीच्या हायड्रंटमधून येते. आमच्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या एका हायड्रंटची टोपी काळी रंगवलेली दिसली. टेक्ससमध्ये काळा रंग म्हणजे आग विझवण्यासाठी हा हायड्रंट उपयोगाचा नाही. डिस्ट्रिक्टने सांगितले की त्या शेवटच्या बारीक वाहिनीतून पुरेसा प्रवाह मिळत नाही आणि ती वाहिनी पुढील टप्प्यात बदलली जाईल. कोणत्या वर्षी, ते मात्र सांगितले नाही. तो बदल होईपर्यंत त्या टोकाच्या घरांना अधिक धोका आहे आणि घरविम्यावरही त्याचा परिणाम होऊ शकतो. घर पाहायला जाल तेव्हा रस्त्यावरून चालत जाऊन जवळच्या हायड्रंटचा रंग स्वतः पाहावा.

पोलीस सेवा काउंटी शेरिफची आहे. आमचा डिस्ट्रिक्ट त्याखेरीज ड्युटीवर नसलेल्या पोलीस अधिकाऱ्यांना गस्तीसाठी पैसे देतो आणि त्यामुळे रात्री धक्क्याजवळ होणारा गोंधळ कमी झाला आहे. कचरा आठवड्यातून एकदा नेला जातो, त्याबद्दल काहीही तक्रार नाही.

मंडळाच्या बैठकीला मी जाऊ लागलो तेव्हा प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर बसलेली माणसे संचालकांपेक्षाही कमी होती, आणि त्याच संध्याकाळी पुढील वर्षाचा पाणीदर ठरत होता. या बैठका सर्वांना खुल्या असतात. एच-1बी किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांना संचालकांच्या निवडणुकीत मत देता येत नाही, पण कर ते पूर्ण भरतात, आणि ठरलेल्या वेळेत उभे राहून बोलण्यास नागरिकत्व लागत नाही. आपल्यापैकी अनेकांना भारतातील सोसायटीच्या सभांचा दांडगा अनुभव आहे. तो इथे उपयोगी पडेल. संदेशनोंदणीचा विषय पुढील बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेतला आहे आणि काळ्या हायड्रंटच्या वाहिनीसाठी निश्चित वर्ष द्यावे, असे लेखी निवेदन आम्ही काही शेजाऱ्यांनी मिळून दिले आहे. त्यावर काय ठरते, ते याच अनुभवाच्या खाली नोंदवीन.