दहा महिने वापरलेले ट्रेकिंग शूज: वेताळ टेकडी, सिंहगड आणि मग इंग्लंड

गेल्या गणपतीच्या आधी घेतले होते, म्हणजे आता दहा महिने होतील. तेव्हाच लिही म्हणून मैत्रीण मागे लागली होती, पण कोऱ्या बुटांबद्दल काय लिहिणार, दुकानात सगळेच बूट छान असतात. ब्रँड विचारू नका, ते मॉडेल आता मिळत नाहीये. घोट्याच्या वर येणारे, वॉटरप्रूफ, साडेआठ हजारांचे, डेक्कनवरच्या दुकानात संध्याकाळी साडेसातला घेतले. वेळ मुद्दाम लिहितेय, कारण दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजलेले असतात आणि सकाळी फिट बसलेला बूट संध्याकाळी चावतो. मी नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठा घेतला. दुकानातला मुलगा म्हणत होता काकू ढिला होईल, त्याला म्हटलं उतरताना अंगठा पुढे आपटतो तेव्हा तू नसतोस तिथे.

घ्यायचं कारण म्हणजे मे महिन्यात आम्ही दोघं, मी आणि नवरा, इंग्लंडमध्ये चालायला जाणार होतो. कॉट्सवोल्ड वे म्हणून १६४ किलोमीटरची पायवाट आहे, चिपिंग कॅम्डेन नावाच्या गावातून निघते आणि बाथला संपते. आम्ही अख्खी नाही केली, पेन्सविकपर्यंतच गेलो. डोंगर म्हणाल तर काहीच नाही, सगळ्यात उंच जागा क्लीव्ह हिल, ३३० मीटर, म्हणजे आपलं पुणंच त्याहून उंच. पण रोज १५-१८ किलोमीटर, सलग, हे वेगळं प्रकरण आहे. सिंहगड चढून पिठलं-भाकरी खाऊन दुपारी घरी येऊन झोपणं वेगळं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच बूट घालणं वेगळं.

तर पहिले आठ महिने. आठवड्यातून तीनदा वेताळ टेकडी, महिन्यातून दोनदा आतकरवाडीकडून सिंहगड. पहिले तीन आठवडे उजव्या टाचेला त्रास झाला, मग लेस बांधायची पद्धत बदलली (सगळ्यात वरच्या दोन भोकांत लेसचा फास करून त्यातून ओढायची, टाच जागेवर बसते) आणि तो प्रश्न संपला. सुक्या मुरमावर ग्रिप एक नंबर. मोठी तक्रार एकच, वॉटरप्रूफ बुटात हवा खेळत नाही. मार्च-एप्रिलमध्ये टेकडीवरून आलं की मोजे पिळून घ्यावेत असे निघायचे. पुण्याच्या उन्हाळ्यासाठीच घेत असाल तर वॉटरप्रूफ घेऊ नका, साधे जाळीवाले घ्या, स्वस्त पण पडतात. आणि लेस गोल आहेत, गुळगुळीत, दर तासाला सुटतात, त्या मी पंधरा दिवसांतच काढून चपट्या घातल्या.

नवऱ्याला मी सांगत होते की तूही नवीन घे. त्याचं म्हणणं, माझे आहेत की, चांगले महागाचे, दोनदाच हिमालयात वापरलेत. ते बूट सहा-सात वर्षं माळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेले. काढले, पुसले, पॉलिश केलं, दिसायला नवे. टेकडीवर माझ्याबरोबर यायचा तो मात्र स्पोर्ट्स शूज घालून, कारण हे ‘तिकडच्यासाठी’ जपायचे होते. हे लक्षात ठेवा, पुढे येतंय.

प्रवासात बूट बॅगेत टाकायचे नाहीत, पायात घालून जायचं. बॅग हरवली तर कपडे तिथे घेता येतात, पायाला बसलेले बूट नाही. मुंबईला सिक्युरिटीत काढायला लावतात, तेवढं दोन मिनिटांचं काम. विमानात बसल्या बसल्या लेस सोडून बूट काढले, जाड मोजे घातले, नऊ-दहा तासांत पाय असे सुजले की उतरताना अर्धा नंबर मोठा घेतल्याबद्दल स्वतःचीच पाठ थोपटली.

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर भारतीय पासपोर्टवर ती आपोआप उघडणारी गेटं चालत नाहीत, माणसासमोरची लाइन. आमच्यापुढच्या ऑफिसरने विचारलं काय करणार, मी म्हटलं चालणार. कुठून कुठे ते सांगितलं, राहण्याची बुकिंगं दाखवली, त्याने वाकून आमचे बूट बघितले आणि शिक्का मारला. एक सांगायचं राहिलं, नेताना दुधाचं काही नेऊ नका. मांस आणि दुधाचे पदार्थ इथून तिकडे न्यायला बंदी आहे, त्यामुळे पेढे नाहीत, तूप नाही. बाकरवडी, मेतकूट, लसणाची चटणी आणि भाजणी असं नेलं. भाजणी का नेली ते मलाही माहीत नाही, थालीपीठ लावणार कुठे होते मी, बी अँड बीच्या (म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता देणारं घर) केटलवर?

हीथ्रोहून लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनला एलिझाबेथ लाइन नावाच्या लोकल ट्रेनने गेलो. तिथे तिकीट काढावं लागत नाही, आपलं कॉन्टॅक्टलेस कार्ड आत जाताना टेकवायचं आणि बाहेर पडताना टेकवायचं, पण दोघांना दोन कार्डं लागतात आणि दोन्हीकडे तेच टेकवायचं. नवऱ्याने आत जाताना फोन टेकवला आणि बाहेर पडताना कार्ड. सिस्टिमच्या हिशोबाने दोन वेगवेगळी माणसं, एक कधी बाहेरच पडला नाही आणि दुसरा कुठून आला कळत नाही, दोघांनाही जास्तीत जास्त भाडं लागलं. पॅडिंग्टनवरून मोरेटन-इन-मार्शची ट्रेन, साधारण दीड तास. तिचं तिकीट आधी काढताना स्वस्तातलं घेऊ नका, ते ठरलेल्या एकाच ट्रेनला चालतं. विमान लेट झालं की गेलं. आम्ही ऑफ-पीक, म्हणजे गर्दीची वेळ सोडून कुठल्याही ट्रेनला चालणारं घेतलं होतं, विमान खरंच सव्वा तास लेट झालं, आरामात पुढच्या ट्रेनने गेलो. मोरेटनहून कॅम्डेनला बस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आम्ही चालायला सुरुवात करायच्या आधी कॅम्डेनमध्ये दोन रात्री ठेवल्या होत्या. बुकिंग करणारा म्हणत होता एक पुरे, दोन म्हणजे पैसे वाया. नवराही त्याच्याच बाजूने. मी ऐकलं नाही.

पहिल्या रात्री साडेआठला झोपलो, बाहेर लख्ख उजेड, मे महिन्यात तिथे नऊच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि पहाटे साडेतीनला टक्क जागे. साडेचार तासांचा फरक आहे, पोटाला वाटतंय आठ वाजले, पोहे कुठेत. केटलवर चहा केला, त्या इवल्याशा दुधाच्या डब्या चार लागल्या एका कपाला, बाकरवडी खाल्ली आणि खिडकीत बसलो. सगळं गाव मधाच्या रंगाच्या दगडाचं. तिथल्या डोंगराचाच चुनखडीचा दगड, घरं तीच, कुंपणाच्या भिंती त्याच. समोर बाजाराचा मंडप, १६२७ चा, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आधीचा हे हिशोब करून नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला झोप.

नाश्त्यानंतर डोव्हर्स हिलपर्यंत ट्रायल मारली, जेमतेम दीड-दोन किलोमीटर. ह्या टेकडीवर १६१२ मध्ये रॉबर्ट डोव्हरने खेळ सुरू केले, ते अजून होतात, आणि त्यात नडगीवर लाथा मारायची स्पर्धा असते, पँटमध्ये पेंढा भरून! बुटांच्या रिव्ह्यूत हे यायलाच पाहिजे होतं. असो. त्या दीड किलोमीटरमध्ये मी बऱ्याच गोष्टी शिकले. वाट सरळ लोकांच्या शेतातून जाते, मेंढ्या, कोकरं, मध्ये एक झुलतं फाटक ज्यातून एका वेळी एकच माणूस जातं (पाठीवर मोठी सॅक असेल तर अडकतं, मी अडकले), आणि कोणी ‘ओ ताई, कुठे निघालात’ विचारत नाही, कारण त्या वाटेवरून चालायचा हक्क कायद्यानेच आहे. खांबावर एका फळाची खूण असते, ओकच्या झाडाचं, तिच्या मागे मागे जायचं. तरी ऑर्डनन्स सर्वेचा (तिथले सरकारी नकाशेवाले) नकाशा घ्या, १:२५,००० चा, त्यात शेताशेताची भिंतसुद्धा दाखवलेली असते. शॉर्ट्स घालू नका, वाटेच्या कडेला नेटल नावाची खाजरी वनस्पती आहे, मी पोटरीला लावून घेतली आणि पुढचा तासभर दुसरं काही सुचलं नाही.

वर पोचलो, समोर दरीभर हिरवं, मी फोटो काढतेय आणि मागून आवाज आला, फट् असा. वळून बघते तर नवरा एका पायावर उभा आणि डाव्या बुटाचा सोल जिभेसारखा लोंबतोय. हात लावला तर मधला थर खारीसारखा चुरला. हे नंतर कळलं, बुटाच्या तळात पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो तो दमट हवेत आपोआप कुजतो, आणि न वापरता बंद ठेवले तर जास्तच. म्हणजे माळ्यावरची सहा वर्षं आणि पिशवीची गाठ. चालवून खराब होतात त्याहून जपून जास्त होतात. उजवाही जाणार हे दिसतच होतं.

बुटाची लेस सोलभोवती गुंडाळून गावात उतरलो. त्या बाईंनी, जिच्याकडे राहिलो होतो, चिकटपट्टी दिली आणि बसचं टाइमटेबल दिलं. बसने स्ट्रॅटफर्डला. हो, शेक्सपियरचं स्ट्रॅटफर्ड. त्याचं घर बाहेरून पाहिलं, एक फोटो, कारण परतीची बस चुकली तर संपलंच होतं. दुकानात नवऱ्याला तिथल्या मानाने बरे बूट मिळाले, किंमत रुपयांत सांगत नाही, त्याने अजून घरच्यांना सांगितलेली नाही. दुसरी रात्र नसती तर हे सगळं ब्रॉडवे नावाच्या पुढच्या गावाच्या वाटेवर, सामान पुढच्या मुक्कामाला गेलेलं असताना झालं असतं.

मग पाऊस लागला. तिसऱ्या दिवसापासून. आणि तिथे माझ्या बुटांचा एक दोष कळला जो सह्याद्रीत कधी कळला नसता. तिथली चिकणमाती सोलच्या खाचांत भरते आणि सुटत नाही, दहा पावलांत बूट दीड किलोचा होतो आणि ग्रिप शून्य. मी दोनदा बसले, एकदा मेंढ्यांच्या समोर. खाचा उथळ आहेत, चिखलासाठी खोल आणि लांब लांब पाहिजेत. पण आतमध्ये पाणी? एक थेंब नाही. पाच दिवसांत एक फोड नाही. नवऱ्याला दुसऱ्या दिवशी तीन, चौथ्या दिवशी सहा, नवे बूट ना. रात्री त्याच्या टाचेला टेप लावताना मी काही बोलले नाही. फारसं.

आता जुलै. परवा सिंहगडावर गेले होते, पावसात. एका ओढ्यात पाय घोट्याच्या वर गेला आणि पाणी वरून आत शिरलं. वॉटरप्रूफ बुटात एकदा पाणी आत गेलं की तेही बाहेर येत नाही, मग बादली घालून चालल्यासारखं. बाल्कनीत वर्तमानपत्र कोंबून ठेवलेत, तीन दिवस झाले, अजून ओल आहे. सोलची झीज टाचेला बाहेरच्या बाजूने, बाकी शिवण कुठे उसवलेली नाही. पाचपैकी चार. चिखलासाठी अर्धा कापला, पुण्याच्या उन्हासाठी अर्धा.

आणि नवऱ्याचे ते फुटके बूट. टाकून दे म्हटलं तर ऐकेना, बॅगेतून पुण्याला परत आणले. कोपऱ्यावरच्या बूट शिवणाऱ्या काकांनी सोल दोन बोटांनी दाबून बघितला, पीठ झालंय म्हणाले, साहेब, वरचं कातडं चांगलं आहे पण शिवू कशाला? तरी ते बूट परत माळ्यावर गेलेत. पिशवीत. गाठ मारून.