एकच रेपो की प्रत्येक प्रोजेक्टला वेगळा?

तीन-चार प्रोजेक्ट आणि त्यांची सामायिक लायब्ररी गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारी प्रणाली) एकाच रेपोत, म्हणजे कोड आणि त्याच्या इतिहासाच्या एकाच साठ्यात, ठेवायची की वेगवेगळ्या, हे बदल कसे होतात त्यावरून ठरवावं.

एकत्र बदल: लायब्ररीतल्या फंक्शनचे पॅरामीटर बदलले, तर एकाच रेपोत ते वापरणाऱ्या सगळ्या फायली त्याच कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलात) दुरुस्त होतात. वेगळ्या रेपोंत लायब्ररी बहुधा सबमॉड्यूल (एका रेपोच्या आत जोडलेला दुसरा रेपो) म्हणून जोडली जाते आणि खरी डोकेदुखी इथेच सुरू होते. मुख्य रेपो सबमॉड्यूलच्या फायली नव्हे, फक्त कमिटचा हॅश (तिची ओळख-खूण) साठवतो. लायब्ररीची कमिट पुश करायची (सर्व्हरवर पाठवायची) राहिली आणि मुख्य रेपो पुश झाला, की सहकाऱ्याच्या मशीनवर तो हॅश सापडतच नाही. म्हणून ‘पुश.रिकर्ससबमॉड्यूल्स’ (push.recurseSubmodules) ही सेटिंग ‘चेक’वर (check) ठेवाच, मग गिट असा पुश अडवतं.

आकार: मोठ्या रेपोचं क्लोन (आपल्या मशीनवर प्रत उतरवणं) रेंगाळतं. गिट 2.25 मध्ये आलेल्या स्पार्स-चेकआउट कमांडने हवे तेवढेच फोल्डर दिसतात, पण इतिहास सगळा उतरतो. तो भार हलका करायला जोडीला पार्शल क्लोन (सगळं आधीच न उतरवता लागेल तेव्हा उतरवणारं क्लोन) लागतं.

परवानग्या: गिटमध्ये वाचनाची परवानगी फोल्डरनिहाय देता येत नाही. म्हणून काही कोड लपवायचा तर वेगळ्या रेपोला पर्यायच नाही.

एकच टीम आणि एकत्र रिलीज असेल तर एकच रेपो घ्या. काही कोड बाहेरच्यांपासून लपवायचा असेल किंवा लायब्ररीच्या आवृत्त्या स्वतंत्र निघत असतील, तर वेगळे रेपो. लायब्ररी मात्र सबमॉड्यूलऐवजी आवृत्ती-क्रमांक असलेलं पॅकेज म्हणून द्या.