नोकिया ३३१० की ११००?

राजारामपुरीतल्या एका मित्राला चालू स्थितीतला एकच जुना नोकिया घ्यायचाय. ३३१० की ११००, इथं गाडी अडलीय.

आधी इतिहास. ३३१० आला २००० साली. तेव्हा आपल्याकडं आलेला फोन उचलला तरी पैसे कापले जायचे. ११०० आला २००३ मध्ये, आणि त्याच वर्षी इनकमिंग फुकट झालं. म्हणून खेडोपाडी पोचला तो ११००च. जगभरात त्याचे २५ कोटींहून जास्त नग खपले, ३३१०चे साधारण साडेबारा कोटी.

मजबुतीत दोन्ही दणकट. पण ११००चा कीपॅड सलग रबरी, धूळ आत जात नाही. वजनही ८६ ग्रॅम. ३३१० भरतो १३३. शिवाय ११००ला टॉर्च! रात्रीची लाइट आली की उसाला पाणी पाजायला जाणाऱ्या माणसाला त्याची किंमत विचारा.

खरा फरक बॅटरीचा. ११००ची बीएल-५सी आजही सहज मिळते. ३३१०ची शोधावी लागते, आणि जुनी पडून राहिलेली असेल तर चार्ज धरत नाही. घेताना हे आधी बघ भावा. दोन्ही फक्त टूजीवर चालतात आणि जिओकडं टूजी नाही, त्यामुळं जिओचं सिम उपयोगाचं नाही.

कपाटात मांडायची हौस असेल तर ३३१०. वडिलांना शेतावर रोज वापरायला द्यायचा असेल तर डोळे झाकून ११००.