ग्रँडिसनची स्वामिनिष्ठा : चार्ल्स चेस्नट यांच्या एका कथेविषयी

'द पासिंग ऑफ ग्रँडिसन' ही अमेरिकन लेखक चार्ल्स चेस्नट यांची कथा १८९९ साली बॉस्टनच्या हॉटन मिफ्लिन या संस्थेने काढलेल्या 'द वाइफ ऑफ हिज यूथ' या संग्रहात आहे. संग्रहावर आता कोणाचा स्वामित्वहक्क नसल्याने प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर तो विनामूल्य वाचता येतो. अमेरिकेतील गुलामगिरीवरचे लेखन म्हटले की चाबूक, लिलाव आणि आक्रोश यांचीच अपेक्षा असते. या कथेत यांपैकी जवळजवळ काहीच नाही. ती चक्क विनोदी आहे, आणि तिचा सारा विखार त्या विनोदातच साठलेला आहे.

कथा घडते केंटकी राज्यात, १८५० नंतरच्या लगतच्या वर्षांत. त्या साली झालेल्या कायद्यामुळे उत्तरेकडील राज्यांत पळून गेलेल्या गुलामालाही पकडून मालकाच्या हवाली करता येत होते, त्यामुळे खरी सुटका कॅनडात पोहोचल्यावरच होई. कर्नल ओवेन्स या श्रीमंत मळेवाल्याचा मुलगा डिक अतिशय आळशी आहे. चॅरिटी लोमॅक्स या तरुणीला मात्र त्याने आयुष्यात एकदा तरी काही माणुसकीचे काम करावे असे वाटते. तिच्या मनात भरावे म्हणून डिक वडिलांच्याच एका गुलामाला पळवून लावायचे ठरवतो आणि प्रवासाच्या निमित्ताने ग्रँडिसन या गुलामाला बरोबर घेऊन उत्तरेकडे निघतो.

निघण्यापूर्वी कर्नल ग्रँडिसनची जी परीक्षा घेतो, तो प्रसंग मला संपूर्ण कथेत सर्वांत सरस वाटला. स्वतंत्र पण गरीब काळ्या लोकांपेक्षा तू सुखी आहेस की नाहीस, असे मालक विचारतो. आणि ग्रँडिसन त्याला नेमके जे ऐकायचे असते तेच, किंबहुना त्याहून थोडे अधिकच, ऐकवतो. कर्नल कृतार्थ होतो. पुढे न्यूयॉर्क आणि बॉस्टनमध्ये डिक गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यांना निनावी पत्रे धाडतो, ग्रँडिसनच्या हाताशी पैसे ठेवून स्वतः निघून जातो, अखेर नायगाऱ्यापलीकडे कॅनडाच्या भूमीवर त्याला उभे करून आता तू मोकळा आहेस असे स्पष्ट सांगतो. तरी हा गडी धन्याला सोडायला तयार होत नाही. मालकाचा वैताग वाढत जातो आणि वाचक हसत राहतो.

(ज्यांना शेवट आधी कळलेला चालत नाही, त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.)

डिक त्याला कॅनडातच टाकून परततो आणि चॅरिटीशी लग्न करतो. काही आठवड्यांनी ग्रँडिसन फाटक्या कपड्यांत, पायी, मळ्यावर हजर होतो. त्याची निष्ठा पाहून कर्नलला गहिवरून येते, बेटी या दासीशी त्याचे लग्न लावून दिले जाते. आणि मग एका सोमवारी सकाळी ग्रँडिसन, बेटी, त्याचे आईवडील, भाऊ, धाकटी बहीण असे सारे कुटुंबच नाहीसे झालेले आढळते. त्यांना घेऊन ईरी सरोवरावरून कॅनडाकडे निघालेली बोट कर्नलला काठावरून केवळ पाहावी लागते. एकट्याची सुटका त्याला नकोच होती, हे आपल्याला तेव्हा कळते. निवेदकाने आपल्याला ग्रँडिसनच्या मनात कधीच डोकावू दिलेले नसते, त्यामुळे कर्नलइतकेच आपणही फसलेले असतो. त्याने हे बेत कधी आखले, वाटेत कोणी आसरा दिला, यांतले काहीही चेस्नट सांगत नाहीत. काहींना ही उणीव वाटेल; मला हा संयमच कथेचे बळ वाटतो, कारण दुसऱ्या वाचनात त्याच्या प्रत्येक लाचार वाक्याचा अर्थ उलटलेला दिसतो.

जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. त्या परोपकारी लोकांची आठवण ठेवून ही कथा वाचणाऱ्याला डिक ओवेन्स विशेष बोचेल. हा मुक्तिदाता ज्याला मुक्त करायचे, त्याला काय हवे आहे हे एकदाही विचारत नाही.

उणिवा आहेतच. चॅरिटी फारशी ठसत नाही आणि बेटी तर जवळजवळ नावापुरतीच येते. जिच्यासाठी माणूस कॅनडातून गुलामीत परततो, तिला थोडी अधिक जागा मिळायला हवी होती. ग्रँडिसनचे बोलणे उच्चाराबरहुकूम लिहिलेले असल्याने ते आरंभी अडखळत वाचावे लागते. मोठ्याने वाचले की उलगडते. गुटेनबर्गवरील मजकुराला टिपा नाहीत, त्यामुळे १८५० च्या कायद्याची माहिती आधी करून घेणे बरे. संग्रह पहिल्या पानापासूनच वाचला पाहिजे असे नाही. चेस्नट यांची ओळख नसेल तर सुरुवात याच कथेपासून करावी.