पुरानंतरची तयार वर्गखोली: पॅनेल चांगलं, जोत्याकडे लक्ष द्या

ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्यात पांझरेला पूर आला, ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरीचं पाणी चाळीसगावात शिरलं. अशा पुरानंतर नदीकाठच्या पालिका शाळेची जुनी खोली उभी दिसली, तरी तिच्यात लगेच मुलं बसवता येत नाहीत. आधी स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी), मग निर्लेखन (जुनी खोली कागदोपत्री बाद करणं), मग निधी, मग बांधकाम. मधल्या काळासाठी पफ पॅनेलची, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या तक्त्यांची तयार वर्गखोली हा आज मिळणारा सर्वांत चांगला पर्याय आहे. पाचपैकी साडेतीन गुण. गेलेला दीड गुण पॅनेलचा नाही, कोटेशनमध्ये न लिहिलेल्या कामांचा आहे.

२० बाय ३० फुटांच्या खोलीत चाळीस मुलं नीट बसतात. भिंतीचं आणि छताचं पॅनेल किमान ५० मिमी जाड, आतल्या फोमची घनता ४० किलो प्रति घनमीटर, दोन्ही बाजूंचा पत्रा ०.५ मिमी, हे ऑर्डरमध्ये लिहून घ्या. पुरवठादार बरेचदा ०.३५ चा पत्रा पाठवतात. कडेला मायक्रोमीटर लावून मोजा, बोटाने दाबून कळत नाही.

आता जोतं. खोली चार-पाच दिवसांत उभी राहते, जोत्याला तीन आठवडे लागतात, आणि घाई नेमकी तिथेच होते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावर थेट कोबा टाकला तर एका पावसाळ्यात कोपरा उचलला जातो, दार चौकटीत अडकतं, पॅनेलचे सांधे उघडतात आणि पाणी आत येतं. मग दोष पॅनेलला दिला जातो. किमान अडीच-तीन फूट काळी माती काढा. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलरने दाबून भरा. जोत्याची उंची भिंतीवरच्या पुराच्या डागापेक्षा दोन फूट वर हवी. डाग चार फुटांवर असेल तर भराव घालत बसू नका, जागाच बदला. खांबांचे बोल्ट काँक्रीट ओतण्यापूर्वीच बसवून घ्या. नंतर ड्रिल मारून ठोकलेले फास्टनर, रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या करणाऱ्या मे-जूनच्या वाऱ्यात भरवशाचे नाहीत.

पफची खोली आपोआप थंड राहते, हा एक गैरसमज आहे. पफ बाहेरचं ऊन अडवतो, पण चाळीस मुलांच्या अंगाची ऊब आतच कोंडते. म्हणून सरकत्या खिडक्या नकोत, त्या अर्ध्याच उघडतात. समोरासमोर बिजागरीच्या खिडक्या आणि छताखाली झरोके घ्या. छताला दोन फुटांची वळचण हवीच. ती भिंतीला उन्हापासून वाचवते आणि सांध्यातलं सिलिकॉन लवकर तडकू देत नाही.

पॅनेलवर वजन टांगता येत नाही. पंखे छताच्या लोखंडी कैचीला (त्रिकोणी सांगाड्याला) लटकवा, फळ्यामागे चौकट घ्या. सगळा सांगाडा लोखंडी असल्यामुळे अर्थिंगचा खड्डा आणि ईएलसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) सोडू नका. स्विचबोर्ड साडेचार फुटांच्या वर असू द्या. फोम पेटला की विषारी धूर होतो, त्यामुळे बाहेर उघडणारी दोन दारं हवीत आणि खिचडीची चूल खोलीपासून चांगली लांब. पॅनेलची खालची कापलेली कड चॅनेलमध्ये उघडी राहिली तर तिथे पाणी साचून पत्रा गंजतो, उंदीरही तिथूनच फोम कोरतात. ती कड सील करून घ्या.

जमिनीला स्वस्त पार्टिकल बोर्ड नको, सिमेंट फायबर बोर्ड घ्या. २००५ च्या कतरिना वादळानंतर अमेरिकेत बेघर कुटुंबांना दिलेल्या ट्रेलर-घरांमध्ये दाबलेल्या लाकडी बोर्डातून निघणाऱ्या फॉर्मल्डिहाइडच्या तक्रारी आल्या होत्या. त्याच वादळात न्यू ऑर्लिन्सच्या शाळाही उद्ध्वस्त झाल्या. तिथे शाळा-इमारतींचा एकत्रित आराखडा २००८ मध्ये तयार झाला आणि इमारतनिहाय हिशेब बाजूला ठेवून सुमारे १.८ अब्ज डॉलरची एकरकमी मदत ठरायला २०१० उजाडलं. तेव्हा ‘तात्पुरती’ खोली सहा महिन्यांची समजून घेऊ नका, पाच वर्षं टिकेल अशीच घ्या.

मुख्याध्यापकांच्या खोलीत जनरल रजिस्टरसाठी पाच फुटांवर पक्की फळी मागा. पुरात कपाटाचा खालचा कप्पा आधी भिजतो, आणि दाखल्याचा आधार तेच रजिस्टर असतं.

खोली ताब्यात घेताना प्रत्येक सांध्यावर खालून वर अर्धा तास पाइपने पाणी मारा. एकाने आत टॉर्च घेऊन भिंत आणि जमीन मिळते ती रेघ पाहावी. दहा टक्के रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत रोखून ठेवा. खोली पुढे दुसऱ्या शाळेत हलवायची असेल तर प्रत्येक पॅनेलवर आतून न पुसला जाणारा क्रमांक टाकून घ्या आणि त्याचा नकाशा रजिस्टरच्या फळीवर ठेवा.