एका टोपाभोवती पाच विभाग : अन्नसुरक्षा पदविकेचा अनुभव

पुण्याजवळच्या एका विद्यापीठातून अन्नसुरक्षेची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका मी नुकतीच पूर्ण केली. सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, पशुवैद्यक, कायदा आणि समाजशास्त्र असे पाच विभाग मिळून हा अभ्यासक्रम चालवतात. माझी मूळ पदवी रसायनशास्त्राची असल्यामुळे अन्नसुरक्षा म्हणजे भेसळ ओळखणे आणि नमुन्यातील घटकांचे प्रमाण मोजणे, एवढीच माझी समजूत होती. ती कशाने बदलली हे सांगण्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे, कारण अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात नेमकी तीच गोष्ट आलेली नाही.

दुसऱ्या सत्रातील प्रकल्पासाठी आमच्या गटाला वसतिगृहाच्या मेसमधील भात हा विषय मिळाला. रात्रीची जेवणे आटोपल्यावर मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या मावशी उरलेला भात त्याच मोठ्या टोपात झाकून ओट्यावर ठेवत आणि सकाळी त्याचा फोडणीचा भात होई. आम्ही टोपाच्या मधोमध तापमापक खुपसून रात्रभर नोंदी घेतल्या. नऊ वाजता ७१ अंश, बारा वाजता ५२ आणि पहाटे पाचला ३६ अंश सेल्सियस! कडेचा भात केव्हाच गार झाला होता. मधला मात्र पहाटेही हाताला कोमट लागत होता. साधारण ५ ते ६० अंशांच्या टप्प्यात जंतू वाढतात हे पाठ असलेल्या आम्हा विद्यार्थ्यांना तो टप्पा किती तासांचा असू शकतो, हे त्या रात्री प्रथमच उमगले.

बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातील त्याचे सुप्त रूप, भात शिजवतानाही तग धरतात, कोमट भातात ते रुजून वाढतात आणि त्यांनी तयार केलेले, उलट्या घडवणारे विष सकाळच्या फोडणीने नष्ट होत नाही, हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या सरांनी समजावून सांगितले. त्यावर आम्ही लगेच उपाय लिहून टाकला : भात पसरट परातीत पातळ थराने पसरावा आणि लवकर थंड करून फ्रिजमध्ये ठेवावा. समाजशास्त्राच्या मॅडमनी तो कागद वाचून एकच प्रश्न विचारला, "मावशींशी कोणी बोललं का?" कोणीच बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी विचारल्यावर मावशी म्हणाल्या, "अगं, परातीत पसरला तर ठेवू कुठे? फ्रिज दूध-भाजीलाच पुरत नाही. आणि टाकून दिला तर हिशेब मलाच द्यावा लागतो." अन्नसुरक्षा कायद्याखाली जबाबदारी परवानाधारकाची, म्हणजे येथे ठेकेदाराची असते, हे आमच्या गटातील विधी पदवीधर मैत्रिणीने लक्षात आणून दिले आणि मावशींसाठी तयार केलेला सूचनाफलक आम्ही रद्द केला. अखेरच्या शिफारशीत जेवणाऱ्यांची संख्या पाहून भात दोन खेपांत लावणे, उरलेल्या भाताचा हिशेब मावशींकडून न मागणे आणि ठेकेदाराने आणखी एक फ्रिज घेणे, या तीन गोष्टी होत्या. यांतील एकही गोष्ट माझ्या एकटीच्या रसायनशास्त्रातून निघाली नसती.

कायद्याचे तासही मला फार मोलाचे वाटले. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा घेणारा २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा आम्ही कलमे पाठ करून शिकलो नाही, तर मॅगी प्रकरणातून शिकलो. २०१५ च्या जूनमध्ये शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत २.५ भाग या मर्यादेपेक्षा अधिक असल्याच्या अहवालांवरून बंदी आली आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कंपनीला म्हणणे मांडण्याची संधी न देणे आणि ज्या प्रयोगशाळांचे अहवाल आधारभूत धरले त्यांना आवश्यक ती मान्यता नसणे, ही त्यामागची प्रमुख कारणे होती. आकडा कितीही अचूक असला तरी तो कोणी, कोठे आणि कोणत्या पद्धतीने काढला, यावर त्याचे कायद्यातील वजन ठरते, हे प्रयोगशाळेत काम करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने शिकायलाच हवे. पशुवैद्यकाचे तास मोजकेच होते. पण प्रतिजैविक दिलेल्या गाईचे दूध ठरावीक दिवस डेअरीला का घालू नये, हे सांगताना सरांनी अशा दुधाला विरजण नीट लागत नाही हे दाखवले आणि घरोघरी ऐकू येणाऱ्या "दही लागलंच नाही" या तक्रारीचे एक कारण असेही असू शकते, हे कळले.

उणिवा मात्र गंभीर आहेत. पाच विभाग एकत्र येतात ते केवळ त्या एका प्रकल्पापुरते. उरलेले वर्ष प्रत्येक जण आपापला विषय आपापल्या वर्गात शिकवतो आणि परीक्षाही सुट्या पाच विषयांच्या होतात. नमुना किती घ्यावा आणि पोत्याच्या कोणत्या भागातून घ्यावा, हा प्रश्न शेंगदाण्यावरील बुरशीतून तयार होणाऱ्या अफ्लाटॉक्सिनसारख्या विषारी घटकाबाबत कळीचा आहे, कारण बुरशी सगळ्या दाण्यांना सारखी लागत नाही. मोजक्या दाण्यांतच विष एकवटलेले असू शकते. तरीही संख्याशास्त्र आम्हाला फळ्यावरच्या सूत्रांपुरतेच मिळाले आणि प्रत्यक्ष पोत्यातून नमुना काढण्याची वेळ एकदाही आली नाही. कायद्याचे शनिवारचे तास वारंवार रद्द झाले. बाहेरगावाहून खास त्यासाठी येणाऱ्या नोकरदार विद्यार्थ्यांवर हा सरळसरळ अन्याय होता, आणि लेखी तक्रार करूनही भरपाईचे तास मिळाले नाहीत.

तरीही अन्नप्रक्रिया उद्योगात, मेस किंवा केटरिंगच्या व्यवसायात अथवा तपासणीच्या कामात असणाऱ्यांना मी हा अभ्यासक्रम घ्यावा असेच सांगेन. केवळ नोकरीसाठी प्रयोगशाळेतील तंत्र शिकायचे असेल, तर एकाच विषयाची पदव्युत्तर पदवी अधिक उपयोगी पडेल. अशा कोणत्याही अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यापूर्वी विभागाच्या ग्रंथालयात मागील वर्षाचे प्रकल्प अहवाल मागून पाहावेत. मुखपृष्ठावर किमान दोन विभागांच्या मार्गदर्शकांची नावे आहेत का आणि स्वयंपाकघरात, गोठ्यात किंवा बाजारात काम करणाऱ्या माणसांचे म्हणणे आत कुठे नोंदवलेले आहे का, एवढे तपासूनच शुल्क भरावे.